जोड कोण लावतो?

मुष्टियुद्धाच्या शौकिनांना झालेल्या लढतींपेक्षा न झालेल्या लढतींची चर्चा अधिक प्रिय असते. कुस्तीच्या बाबतीतही हेच आहे. शिरपूर तालुक्यातील एखाद्या यात्रेची दंगल आटोपून परतणारी मंडळी 'अमक्याशी तमक्याची जोड लावली असती, तर काय झाले असते' या एका प्रश्नावर गावापर्यंतची वाट सहज संपवतात. जगभरचे मुष्टियुद्धप्रेमी गेली कित्येक वर्षे हाच प्रश्न क्युबाच्या, विशेषतः हलक्या वजनाच्या, मुष्टियोद्ध्यांविषयी विचारीत आले आहेत. आता या लढती भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून तापीकाठच्या तरुणापर्यंतही पोहोचतात. गिलेर्मो रिगोंदो ऐन भरात असताना जपानच्या नाओया इनोउएसमोर उभा राहिला असता, तर? मारियो किंदेलान धंदेवाईक रिंगणात उतरला असता, तर? हौशी मुष्टियुद्धाच्या तीन-चार फेऱ्यांत अजिंक्य ठरणारा क्युबन धंदेवाईक मुष्टियुद्धाच्या बारा फेऱ्यांत तसाच टिकेल काय?

हे प्रश्न पोरकट नाहीत. परंतु त्यांची उत्तरे देताना शौकीन मंडळी केवळ हातांचा वेग, पायांची हालचाल आणि छातीतला दम यांचाच हिशेब मांडतात. एक हिशेब मांडावयाचा राहून जातो. तो मल्ल घडवण्याचा खर्च कोणी केला, त्याची जोड कोण लावतो, आणि त्याच्या अंगमेहनतीचे फळ कोणाच्या पदरात पडते? हे प्रश्न विचारल्यावाचून क्युबाच्या यशाचेही कोडे सुटत नाही आणि अपयशाचेही.

प्रथम पुरावाच पाहू. धंदेवाईक मुष्टियुद्धात फ्लायवेटची मर्यादा सुमारे ५१ किलो, बँटमवेटची साडेत्रेपन्न, फेदरवेटची ५७ आणि लाइटवेटची ६१ किलो असते. किंदेलान लाइटवेटचा. त्याने २००० साली सिडनीच्या आणि २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. सिडनीच्या अंतिम लढतीत त्याने युक्रेनच्या आंद्री कोतेल्निकला हरवले, तर अथेन्सच्या अंतिम लढतीत सतरा वर्षांच्या ब्रिटिश अमीर खानला. पुढे कोतेल्निक धंदेवाईक जगज्जेता झाला, आणि २००९ साली त्याच्याकडून ते अजिंक्यपद खाननेच हिरावून घेतले. म्हणजे किंदेलानने अंतिम फेरीत हरवलेले दोघे जण जागतिक अजिंक्यपदासाठी एकमेकांशी लढले. त्या दोघांना हरवणारा मात्र आपल्या देशातच राहिला. खानने २००५ साली किंदेलानवर एक विजय मिळवून परतफेड केली होती हे खरे, परंतु तोपर्यंत किंदेलानची कारकीर्द सरत आली होती. धंदेवाईक रिंगणात त्याचे काय झाले असते, याचे उत्तर आता कोणापाशीच नाही.

रिगोंदोचे उत्तर मिळाले, पण तेही अर्धेच. बँटमवेट गटात २००० आणि २००४ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारा हा खेळाडू धंदेवाईक झाला तो २००९ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. एप्रिल २०१३ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याने फिलिपिन्सच्या नोनिटो डोनेर या त्या काळच्या अग्रगण्य मुष्टियोद्ध्याला गुणांवर हरवले. दहाव्या फेरीत तो स्वतः एकदा खाली पडला. तरीही लढतीच्या निकालाविषयी शंका उरली नाही. इनोउएने याच डोनेरला २०१९ साली बारा फेऱ्यांच्या झुंजीनंतर गुणांवर आणि २०२२ साली दुसऱ्याच फेरीत हरवले. रिगोंदो विरुद्ध इनोउए या काल्पनिक जोडीची चर्चा रंगते ती या समान प्रतिस्पर्ध्यामुळे. अर्थात २०१३ चा डोनेर तिशीचा होता आणि २०२२ चा चाळिशीला टेकलेला. तेव्हा हे माप सरळ लावता येत नाही, हे जाणकार शौकीन मान्य करतील.

परंतु खरी गोष्ट डोनेरवरील विजयानंतरची आहे. एवढा मोठा विजय मिळवूनही रिगोंदोची मागणी वाढली नाही, उलट घटली. त्याचा खेळ बचावावर उभारलेला. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा चुकवावा, एक नेमका ठोसा मारावा आणि दूर सरकावे, ही त्याची रीत. जाणकारांना ती कला वाटली. दूरचित्रवाणीच्या व्यापाऱ्यांना ती कंटाळवाणी वाटली. मग लढती विरळ झाल्या. अखेर डिसेंबर २०१७ मध्ये त्याला मोठी लढत मिळाली ती युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोशी, आपल्या नेहमीच्या गटापेक्षा दोन गट वरच्या वजनात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. सहा फेऱ्यांनंतर, हाताला दुखापत झाल्याचे सांगून, तो स्टुलावरून उठलाच नाही. दोघेही दुहेरी ऑलिंपिक सुवर्णविजेते. कागदावर यासारखी जोड नाही. पण आखाड्याची रीत जाणणारा कोणताही खानदेशी माणूस सांगेल की, वयात आठ वर्षांचे आणि वजनात दोन गटांचे अंतर असलेली कुस्ती पंचांनी लावू नये.

तिसरे उदाहरण रोबेसी रामीरेझचे. त्याने २०१२ साली लंडनमध्ये फ्लायवेटचे आणि २०१६ साली रिओमध्ये बँटमवेटचे सुवर्णपदक मिळवले. रिओत पहिल्याच लढतीत त्याच्यापुढे उभा होता भारताचा शिव थापा. तो सरळ हरला. २०१८ साली रामीरेझने देश सोडला. २०१९ साली धंदेवाईक पदार्पणाच्या लढतीतच, एका अप्रसिद्ध प्रतिस्पर्ध्याकडून, दोन वेळा ऑलिंपिक जिंकलेल्या या खेळाडूचा पराभव झाला. पुढे त्याने स्वतःला सावरले, पुढच्याच वर्षी त्या पराभवाची भरपाई केली आणि एप्रिल २०२३ मध्ये फेदरवेटचे एक जागतिक अजिंक्यपद मिळवले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मेक्सिकोच्या राफाएल एस्पिनोझाशी झालेल्या लढतीत त्याने पाचव्या फेरीत प्रतिस्पर्ध्याला खाली पाडले, परंतु बाराव्या फेरीत तो स्वतः पडला आणि निसटत्या गुणांनी पद गमावून बसला. एका वर्षाने झालेली पुनर्लढतही तो हरला. 'क्युबन अखेरच्या फेऱ्यांत विरतो' असे म्हणणाऱ्यांना ही बारावी फेरी म्हणजे आयतेच प्रमाण मिळाले.

हे प्रमाण मात्र तपासून घेतले पाहिजे. मेक्सिकोचा वा अमेरिकेचा धंदेवाईक मुष्टियोद्धा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी चार फेऱ्यांच्या लढतींपासून सुरुवात करतो. मग सहा, मग आठ, मग दहा. त्याचा व्यवस्थापक दर पायरीला त्याच्या कुवतीची जोड शोधतो. बाराव्या फेरीचा दम हा असा सात-आठ वर्षांत कमावला जातो. देश सोडून आलेला क्युबन पंचविशी किंवा तिशीत या व्यवस्थेत शिरतो. त्याच्यावर पैसा लावणाऱ्यास फार थांबण्याची सवड नसते. त्यामुळे तो थोड्या लढतींतच वरच्या पायरीवर चढवला जातो. तेथे पाय घसरला की दोष त्याच्या शाळेला दिला जातो. तेव्हा अखेरच्या फेऱ्यांतील थकव्याला क्युबाच्या शिक्षणापेक्षा उशिरा मिळालेला बाजार अधिक जबाबदार आहे, असे मानण्यास जागा आहे.

या बाजाराचे स्वरूप शिरपूरच्या वाचकाला परके वाटू नये. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी खानदेशातून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांचे जीवन अनेक वर्षे अभ्यासले. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो. त्या उचलीने मजूर बांधला जातो. मग कोणत्या फडात, किती तास आणि कोणत्या दराने तोडावयाचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्यापाशी उरत नाही. घरदार मागे टाकून, समुद्र ओलांडून आलेल्या मुष्टियोद्ध्यालाही प्रवास, निवारा, वकील आणि सराव यांसाठी दुसऱ्याचा पैसा आधी घ्यावा लागतो. त्याला प्रवर्तक म्हणतात, मुकादम म्हणत नाहीत, आणि रकमेत जमीन-अस्मानाचे अंतर असते, एवढाच फरक. उचल घेतलेला मजूर फड निवडत नाही. उचल घेतलेला मल्ल जोड निवडत नाही. २००४ सालच्या फ्लायवेट सुवर्णविजेत्या युरिऑर्किस गाम्बोआने फेदरवेटमध्ये जागतिक पदे मिळवली आणि मग मोठ्या मानधनाच्या शोधात तो वरच्या वजनांत चढत गेला. तेथे २०१४ साली टेरेन्स क्रॉफर्डने आणि २०१९ साली जर्व्हाँटा डेव्हिसने त्याला पुरते हरवले. ज्याच्या मागे घरच्या प्रेक्षकांची गर्दी नाही, तिकिटे घेणारा मुलूख नाही, तो इतरांच्या मुलखात पाहुणा म्हणून लढतो आणि मिळेल ती जोड घेतो.

मग हे खेळाडू इतके तयार झाले कसे? येथे समाजवादी विचाराच्या माणसाने आनंदाने सांगावे असे पुष्कळ आहे. क्रांतीपूर्वीही क्युबात मुष्टियुद्ध होते. 'किड चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध झालेल्या एलिहिओ सार्दिन्यासने १९३१ साली देशाला पहिले जागतिक अजिंक्यपद मिळवून दिले होते. परंतु ते अमेरिकन बाजारासाठी गरीब पोरे पुरवणारे मुष्टियुद्ध होते. १९६१ साली राष्ट्रीय क्रीडासंस्था स्थापन झाली आणि १९६२ साली धंदेवाईक खेळ बंद करण्यात आले. त्यानंतर प्रांतोप्रांती क्रीडाशाळा निघाल्या. मुलगा कोणाचा, बाप काय करतो, हे न विचारता त्याला शाळा, जेवण, वैद्यकीय तपासणी आणि पगारी प्रशिक्षक मिळू लागला. निवडलेला मुलगा वरच्या संस्थेत आणि तेथून हवानाजवळच्या राष्ट्रीय शिबिरात जाई. आल्सिदेस सागारा या प्रशिक्षकाने सोव्हिएत आणि पूर्व जर्मन तज्ज्ञांच्या साहाय्याने या शिक्षणाला शास्त्राची बैठक दिली.

याचे फळ १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दिसले. तीन सुवर्णपदके, त्यांपैकी एक महाकाय तेओफिलो स्टीव्हन्सनचे, आणि एक बँटमवेटमधील ओर्लांदो मार्तिनेझचे. जगाने स्टीव्हन्सन लक्षात ठेवला. तथापि राष्ट्राच्या क्रीडाव्यवस्थेची पारख करावयाची तर मार्तिनेझकडे पाहावे. साडेसहा फूट उंचीचा गडी निसर्ग एखाद्या वेळी देऊन जातो. परंतु ४८ किलोपासून ६० किलोपर्यंतच्या गटांत जगभर माणसांची कमतरता नसते; तेथे सातत्याने जिंकण्यासाठी शाळाच हवी. १९९२ साली बार्सिलोनात क्युबाने बारापैकी सात सुवर्णपदके घेतली, ती ४८ किलोच्या रोहेलिओ मार्सेलोपासून ९१ किलोंवरच्या रोबेर्तो बालादोपर्यंत सर्व पट्ट्यांत पसरलेली होती. लोकसंख्येने महाराष्ट्राच्या सुमारे एकदशांश असलेल्या या बेटाने ऑलिंपिक मुष्टियुद्धात आजवर चाळीसहून अधिक सुवर्णपदके मिळवली आहेत.

या व्यवस्थेचा पाया साखरेचा होता, हेही विसरू नये. क्युबाची साखर सोव्हिएत संघ बाजारापेक्षा चढ्या दराने घेई आणि त्या मिळकतीवर शाळा, रुग्णालये व क्रीडांगणे चालत. १९७० साली एक कोटी टनांचे लक्ष्य हुकले, तरी ८५ लाख टन साखर निघाली होती. सोव्हिएत संघ १९९१ साली कोसळला, अमेरिकेची १९६२ पासूनची नाकेबंदी उठली नाही, आणि २०२३ च्या हंगामात साखर उरली जेमतेम साडेतीन लाख टन. स्वतःचा सहकारी साखर कारखाना अनेक वर्षे बंद राहिलेला पाहिलेल्या शिरपूरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. धुराडे थंडावले की केवळ पगार थांबत नाहीत. त्यावर उभी असलेली शाळा, दवाखाना, मैदान यांनाही ओहोटी लागते. २०२१ साली झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये क्युबाने मुष्टियुद्धाची चार सुवर्णपदके मिळवली होती. २०२४ साली पॅरिसमध्ये एरिस्लांदी आल्वारेझचे साडेत्रेसष्ट किलो गटातील एकच सुवर्ण आणि एक कांस्य एवढ्यावर समाधान मानावे लागले.

परंतु सारा दोष साखरेवर आणि नाकेबंदीवर टाकून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे नाही. समाजवादाच्या मित्रांनी या ठिकाणी अधिक कठोर झाले पाहिजे. स्टीव्हन्सनने महंमद अलीशी लढण्यासाठी देऊ केलेली अफाट रक्कम नाकारली, तिचे मोल मोठे आहे. कारण तो नकार त्याचा स्वतःचा होता. जो नकार देण्याची मुभा आहे, त्यालाच नैतिक मोल असते. ज्याला होकार देण्याची सोयच नाही, त्याच्या त्यागाचे गोडवे गाणे ही सत्तेची आत्मवंचना होय. २००७ साली रिओमधील पॅन-अमेरिकन स्पर्धेच्या वेळी रिगोंदो आणि एरिस्लांदी लारा आपला चमू सोडून गेले. ब्राझीलच्या पोलिसांनी त्यांना ताब्यात घेऊन मायदेशी पाठवले. तेथे त्यांना राष्ट्रीय चमूचे दार बंद झाले. जगातील सर्वोत्तम बँटमवेट मुष्टियोद्धा ऐन तारुण्यात लढण्यावाचून बसवला गेला. त्याने देशाची कोणती लूट केली होती? आपले श्रम कोठे विकावे हे ठरवण्याचा हक्क त्याने मागितला, एवढाच त्याचा गुन्हा. हा हक्क मजूर चळवळीने शतकभर झगडून मिळवला आहे; तो भांडवलशाहीची देणगी नव्हे. समाजाने मला शिकवले म्हणून मी समाजाचा ऋणी आहे, असे खेळाडूने म्हणावे हे उचित. समाजाने तुला शिकवले म्हणून तू समाजाच्या मालकीचा आहेस, असे राज्याने म्हणावे हे कोणत्याही समाजवादात बसत नाही. बार्सिलोनाच्या बँटमवेट सुवर्णपदकाबद्दल जोएल कासामायोरला सायकल बक्षीस मिळाल्याची हकीकत मुष्टियुद्धाच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. १९९६ च्या ऑलिंपिकपूर्वीच तो देश सोडून गेला आणि पुढे धंदेवाईक जगज्जेता झाला.

आणखी एक गोष्ट. समतेची ही शाळा २०२२ च्या डिसेंबरपर्यंत मुलींना बंद होती. तोपर्यंत मणिपूरच्या एका भूमिहीन कुटुंबातून आलेल्या मेरी कोमने हलक्या वजनांतच सहा जागतिक अजिंक्यपदे आणि लंडन ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवून कारकिर्दीची अखेर गाठली होती. निम्म्या मनुष्यबळाला दाराबाहेर ठेवणाऱ्या नियोजनाला अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर शहाणपणा म्हणता येणार नाही.

एप्रिल २०२२ मध्ये क्युबाने साठ वर्षांचे धोरण बदलले. एका मेक्सिकन प्रवर्तकाशी करार करून राष्ट्रीय चमूतील मुष्टियोद्ध्यांना धंदेवाईक लढतींची मुभा देण्यात आली. मिळकतीचे ८० टक्के खेळाडूला, १५ टक्के प्रशिक्षकांना आणि ५ टक्के वैद्यकीय साहाय्यकांना, अशी वाटणी तेव्हा जाहीर झाली. या आकड्यांकडे शौकिनांनी फारसे लक्ष दिले नाही. वास्तविक तेच अधिक लक्षवेधी आहेत. घडवणाऱ्यांचा वाटा त्यांत मान्य केलेला आहे आणि लढणाऱ्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. हाच निर्णय वीस वर्षे आधी झाला असता, तर किंदेलानचे उत्तर मिळाले असते आणि रिगोंदोला चोरवाटेने जावे लागले नसते. उशीर झाल्याची किंमत लगेच दिसली. टोकिओचा लाइटवेट सुवर्णविजेता अँडी क्रूझ याच धोरणबदलाच्या वर्षी चमूबाहेर गेला आणि २०२३ साली परक्या प्रवर्तकाच्या छत्राखाली धंदेवाईक रिंगणात उतरला. नाकेबंदीनेही आपला वाटा उचलला आहे. बेसबॉल खेळाडूंना देश न सोडता अमेरिकेत कायदेशीरपणे खेळता यावे, यासाठी २०१८ च्या अखेरीस झालेला करार अमेरिकन सरकारने २०१९ साली रद्द केला. एका राज्याने दार बाहेरून लावले, दुसऱ्याने आतून. मधल्या मधे खेळाडू सापडला.

आता हा सारा ऊहापोह खानदेशात बसून कशासाठी करावयाचा? यासाठी, की हलक्या वजनाच्या मल्लाचा प्रश्न आपल्याकडे अद्याप विचारलाच गेलेला नाही. आपल्या दंगलीत हलक्या पोरांच्या कुस्त्या दुपारी रेवड्यांवर लागतात; संध्याकाळी इनामाची मोठी कुस्ती भारदस्त गड्यांची. 'महाराष्ट्र केसरी'चा मानही खुल्या, वजनदार गटाचा. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीच्या विजय चौधरीने २०१४ ते २०१६ असा तीनदा तो मान मिळवला, शासनाने त्याला पोलीस उपअधीक्षकपद दिले, याचा खानदेशाला योग्य अभिमान आहे. परंतु तसे शरीर घडवण्याचा खुराक किती कुटुंबांना परवडतो? सातपुड्याच्या पायथ्याशी बोराडी, सांगवी, पळासनेर या भागांतील पावरा आणि भिल्ल मुलामुलींची चपळाई, दम आणि काटकपणा कोणत्या आखाड्यात मोजला जातो?

स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक याच महाराष्ट्रातील हलक्या वजनाच्या मल्लाने आणले होते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलोच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. तेथे जाण्यासाठी लोकवर्गणी करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. प्रत्यक्ष स्पर्धेत जपानच्या मल्लाशी दीर्घ झुंज झाल्यावर, नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती न देता, खाशाबांना लगेच पुढच्या कुस्तीस उभे करण्यात आले. त्यांच्या बाजूने हरकत घेण्यास तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. जोड लावणारे परके आणि पाठीशी कोणी नाही, ही अवस्था रिगोंदोच्या कितीतरी आधी खाशाबांनी अनुभवली होती. परतल्यावर कर्ज फेडण्यासाठी त्यांना कुस्त्यांचे फड भरवावे लागले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. त्यांच्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. २०२४ साली ते स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत मिळवले, आणि त्याच्या घडणीत शासनाच्या नाशिक येथील क्रीडाप्रबोधिनीचा हात होता.

म्हणजे मार्ग अज्ञात नाही. शेजारच्या विदर्भात, अकोल्याच्या क्रीडाप्रबोधिनीत घडलेल्या अनंता चोपडेने २०१९ साली इंडोनेशियातील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ५२ किलो गटाचे सुवर्णपदक मिळवले. क्युबाची विद्याही भारतात येऊन रुजली आहे. ब्लास इग्लेसियास फर्नांडिस हे क्युबन प्रशिक्षक १९९० साली भारतात आले, त्यांनी येथील मुष्टियोद्ध्यांच्या पिढ्या घडवल्या आणि २०१२ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले परदेशी. विद्या आहे, माणसे आहेत. ती तालुक्यापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था नाही.

येथे एक धोका वेळीच ओळखावा. आदिवासी भागातील मुलगा पन्नास किलोंचा आहे, म्हणून तो फ्लायवेटला सोयीचा, असा सोपा हिशेब कोणी मांडू नये. अंग हलके असावे ते बांध्याने व सरावाने, उपासमारीने नव्हे. कुपोषणाने खुंटलेल्या शरीरावर पदकांची योजना आखणे हा क्रूरपणा होईल. वजन उतरवण्याच्या अघोरी रीतींनी सुस्थितीतील खेळाडूंचेही काय हाल होतात, हे २०२४ साली पॅरिसमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम फेरीआधी शंभर ग्रॅमांसाठी अपात्र ठरलेल्या विनेश फोगाटच्या प्रसंगी देशाने पाहिले. शिवाय मुष्टियुद्धात डोक्यावर बसणारे ठोसे आयुष्यभराचे नुकसान करू शकतात. तेव्हा पहिली मागणी आखाड्याची नव्हे, ताटाची असली पाहिजे. आश्रमशाळेतील प्रत्येक मुलाला, मग तो खेळो वा न खेळो, पोटभर आणि सकस अन्न. त्यानंतर नियमित वेतनावरचा प्रशिक्षक, ठरलेल्या मुदतीने वैद्यकीय तपासणी, मुलींना बरोबरीची जागा, आणि पदक न मिळालेल्यांसाठीही शिक्षण व रोजगाराची हमी. विजेत्याला नोकरी देणे सोपे असते. पहिल्या फेरीत हरलेल्या शंभर मुलांचे पुढे काय होते, यावर व्यवस्थेचा कस लागतो.

आणि या साऱ्याच्या बदल्यात राज्याने त्या मुलावर मालकी सांगू नये. तो उद्या रेल्वेत जाईल, सैन्यात जाईल, धंदेवाईक होऊन परदेशी लढेल, किंवा हातमोजे खुंटीला टांगून शेती करील; निर्णय त्याचा. बाजाराकडे तो जाईल तेव्हा उचल घेऊन नव्हे, तर पाठीशी संघटना, वकील आणि वैद्य घेऊन जाईल, एवढी काळजी समाजाने घ्यावी. क्युबाने गरिबाच्या मुलाला घडवून दाखवले आणि त्याचे स्वातंत्र्य अडकवून ठेवले. अमेरिकन बाजाराने त्याला स्वातंत्र्य दिले आणि एकटे सोडले. आपण आजवर यांपैकी घडवण्याचे कामही पुरते केलेले नाही.

शौकिनांनी रिगोंदो आणि इनोउए यांच्या जोडीवर अवश्य वाद घालावा. खेळावरचे प्रेम अशा वादांतूनच टिकते. मात्र पुढच्या यात्रेत दुपारच्या रेवड्यांच्या कुस्तीत एखादा पन्नास किलोंचा पोरगा विजेसारखा चमकून गेला, तर त्यांनी टाळी वाजवून थांबू नये. या पोराला उद्या काय खावयास मिळणार आहे, त्याला शिकवणार कोण आणि त्याची पुढची जोड कोण लावणार, हे प्रश्न त्यांनी यात्रा समितीला, ग्रामपंचायतीला आणि शासनाला विचारावेत.